कुंडीला, बागेला आणि उसाच्या रानाला मीठ फुटतं तेव्हा: कारणं, परिणाम आणि उपायांचा क्रम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुप पूर्वेला खाडीच्या बाजूची सोसायटी, खाली भरावाची जमीन. डिसेंबरनंतर बागेला बोअरचं पाणी. गच्चीतल्या कुंड्यांवर पांढरी पापडी, गुलाब-जास्वंदीच्या पानांच्या कडा करपलेल्या. लॉनचे काही पट्टे गेले आणि पावसाळ्यात नेमकं तिथंच पाणी साचतं. माळी म्हणतो जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाका. वाळवा तालुक्यात भावाच्या उसाच्या रानालाही मीठ फुटलंय, तर तिथंही तेच टाकायचं का?

गच्चीतल्या कुंड्यांना जिप्समची गरज नाही. बागेतल्या पाणी साचणाऱ्या पट्ट्यांना बहुधा आहे. भावाच्या रानात आधी निचरा, जिप्समचं त्यानंतर बघायचं. तिन्ही ठिकाणी नियम एकच लागू होतो: क्षार पाण्याबरोबर येतात आणि जातात तेही पाण्याबरोबरच. पाणी झाड पितं, थोडं उन्हानं उडून जातं, क्षार मात्र मातीत राहतात. त्यांना खाली उतरून बाहेर पडायला वाट नसेल तर वरून काहीही टाकलं तरी ते तिथंच बसतात. म्हणून काय टाकायचं हे ठरवण्याआधी पाणी खालून कुठं निघतंय ते शोधा.

किती मीठ जमतं याचा हिशेब

खाडीलगतच्या बोअरचं पाणी टीडीएस पेनवर (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) १२००-१३०० दाखवत असेल तर एका लिटरमागे सव्वा ग्रॅम क्षार आले. बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती बसते. तिला फेब्रुवारी ते मे रोज एक लिटर पाणी दिलं तर चार महिन्यांत १२० लिटर पाणी आणि त्यासोबत १५० ग्रॅम क्षार. कुंडीतून खाली पाणी निघू दिलं नाही, फरशी खराब होते म्हणून खाली ताटली ठेवली, तर हे सगळे क्षार आतच राहतात. त्या मातीत एका वेळी पाच लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे लिटरला ३० ग्रॅम. काही भाग चुना होऊन खाली बसतो हे धरलं, तरी मुळांभोवतीचं पाणी मे महिन्यात समुद्राच्या पाण्याच्या दिशेनंच गेलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे अंतर फार उरत नाही. पालिकेचं तलावाचं पाणी, टीडीएस ८० धरून, तितकंच दिलं असतं तर दहा ग्रॅमदेखील जमले नसते.

बोअरखेरीज क्षार आणखी कुठून येतात, तेही बघा. न धुतलेलं कोकोपीट हे एक मोठं कारण आहे. नारळाच्या काथ्यात पोटॅशियम-सोडियम असतंच, त्यात तो खाऱ्या पाण्यात भिजवलेला असेल तर विचारायला नको. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत दुसरं. शिजवलेलं उरलंसुरलं अन्न, लोणचं, पापड त्यात गेलं की मीठही गेलं. असं खत मातीत चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नये. तिसरं म्हणजे खतांचा अतिरेक. म्युरेट ऑफ पोटॅशमुळे मातीतल्या पाण्याचा खारटपणा सल्फेट ऑफ पोटॅशच्या दुपटीहून जास्त वाढतो, म्हणून कुंडीत म्युरेट नकोच. पानं पिवळी दिसली की एप्सम सॉल्ट टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. ते मॅग्नेशियमचं मीठच आहे. आधीच खारावलेल्या कुंडीत ते टाकणं म्हणजे दुखण्यात भर.

वॉटर सॉफ्टनरबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नवीन टॉवरमध्ये ही चूक सगळीकडे होते. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि त्या जागी सोडियम देतो. पानांवरचे पांढरे डाग जातात, नळ स्वच्छ राहतात, आणि माती मात्र हळूहळू मरते. बागेची लाईन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढून घ्या. आरओच्या सांडपाण्याचा विचार वेगळा आहे. आरओला पालिकेचं पाणी येत असेल तर त्याचं सांडपाणी दोन-तीनशे टीडीएसच्या आत असतं, खुशाल झाडांना द्या. आरओ टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालत असेल तर ते सांडपाणी झाडांच्या जवळपासही नको. एसटीपीचं (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं) पाणी बागेला देत असाल आणि फ्लशिंगला बोअर वापरत असाल, तर तेच मीठ फिरून बागेतच येतं. प्रक्रियेत क्षार निघत नाहीत.

मीठ आणि सोडियम ही दोन वेगळी दुखणी

माणसं दोन्हींना सरसकट 'खारट जमीन' म्हणतात आणि उपाय चुकतो तो इथंच.

क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात. पृष्ठभाग पांढरा, भुसभुशीत, पाणी मुरतं. संपृक्त लगद्याच्या अर्काची, म्हणजे माती पाण्यात लगदा होईपर्यंत भिजवून काढलेल्या पाण्याची, ईसी (विद्युतवाहकता, क्षार वाढले की ही वाढते) दर मीटरला ४ डेसीसायमनच्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या खाली. इथं झाडाला तहान लागते, पण पाणी ओढता येत नाही. माती ओली असूनही दुपारी पानं माना टाकतात, वाढ खुंटते, रंग काळपट हिरवा होतो आणि जुन्या पानांची टोकं, मग कडा करपतात. क्लोराईड आणि सोडियम पानांत साठून कडेला येतात म्हणून कड आधी जळते.

चोपण जमिनीत एकूण क्षार कमी असू शकतात, पण मातीच्या कणांवर कॅल्शियमच्या जागी सोडियम बसलेला असतो. त्याचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ते पाण्यात सुटे होतात आणि पोकळ्या बुजवतात. पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही. ओली असताना चिकट, वाळली की दगड. सामू ८.५ च्या वर, त्यामुळे लोह आणि जस्त असूनही झाडाला मिळत नाही. जिप्सम हा या दुखण्याचा उपाय आहे. त्यातलं कॅल्शियम कणांवर बसतं, सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. पाणी बाहेर पडलंच नाही तर सुटलेला सोडियम जाणार कुठं?

काही जमिनींत दोन्ही दुखणी एकत्र असतात, आणि तुमचा खाजणावरचा भराव बहुधा त्यातलाच आहे. अशा जमिनीत मिठाचं प्रमाण जास्त असेपर्यंत माती गुठळीत राहते, पाणीही मुरतं. जूनमधला पाऊस वरचं मीठ धुऊन नेतो, सोडियम मागे राहतो आणि जुलैत तीच जमीन चिखल होऊन बंद पडते. नुसतं मीठ धुतलं आणि जिप्सम नंतर टाकलं तर क्रम उलटा होतो. जिप्सम आधी मातीत हवं, पाऊस त्यावर पडायला हवा.

घरच्या घरी परीक्षा

काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. बोअरचं चालणार नाही, त्यातल्या मिठामुळे निकाल चुकतो. मातीचं वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद आत सोडा आणि ग्लास हलवू नका. दोन तासांनी आणि पुन्हा चोवीस तासांनी बघा. ढेकूळ नुसतं विस्कटलं पण पाणी नितळ राहिलं, तर सोडियमची मोठी तक्रार नाही. ढेकळाभोवती दुधाळ वलय आलं किंवा सगळं पाणी गढूळ झालं, तर सोडियम आहे. पाच-सहा जागांची ढेकळं वेगवेगळ्या ग्लासांत एकाच दिवशी लावा. बागेत जिप्सम कुठं लागेल याचा नकाशाच हातात येतो. ढेकूळ खूप खारट असेल तर मात्र परीक्षा फसते, पाणी नितळ दिसतं. म्हणून ते आधी दोन-तीनदा त्याच पाण्यात भिजवून, पाणी ओतून, वाळवून घ्या.

टीडीएस पेन ईसीवर लावून वाचा. स्वस्त पेनांत एक डेसीसायमनला कुणी ५०० दाखवतं, कुणी ६४०, कुणी ७००, त्यामुळे टीडीएसच्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन ईसी मोजतात. तो आकडा लगद्याच्या अर्कापेक्षा बराच कमी येतो, साधारण अडीच ते चार पटींनी. पुस्तकातली ४ ची मर्यादा या अहवालाला लावली तर खारट जमीनही 'उत्तम' ठरते. अहवालावर पद्धत लिहून मागा.

गच्चीतल्या कुंड्या

आधी खालचं भोक उघडं आहे का ते बघा. मुळांनी किंवा मातीनं बुजलं असेल तर सळईनं मोकळं करा. कुंडी दोन विटांवर उचला, ताटली काढा. वरची दोन सेंटिमीटर पांढरी माती खरवडून टाकून द्या. सगळ्यात जास्त मीठ त्याच थरात असतं.

मग धुणं. १५ लिटरच्या कुंडीला ३० लिटर पालिकेचं पाणी, पण एकदम ओतायचं नाही. दोन-तीन लिटर घाला, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा घाला. एकदम ओतलं तर पाणी मातीच्या कडेनं आणि भेगांतून निसटतं, आतलं मीठ तसंच राहतं. खाली निघणाऱ्या पाण्याची ईसी बघत राहा. सुरुवातीला ५-६ असेल तर ती २ च्या खाली येईपर्यंत धुवा. धुण्यात नत्रही जातं, म्हणून आठ-दहा दिवसांनी अर्ध्या मात्रेनं खत सुरू करा.

पुढं दर वेळी पाणी देताना दिलेल्या पाण्याच्या दहा ते वीस टक्के खालून निघालं पाहिजे. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा आड दिवस भरपूर देणं चांगलं. मेमध्ये पाणीकपात असते, पालिकेचं पाणी बागेला देणं परवडत नाही हे खरं. पण आठवड्यातून एकदा तरी ते द्या, आणि बोअरचं देणं भाग असेल तर दोन्ही मिसळून द्या.

मुंबईत सांताक्रूझला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मीठ धुवायला यापेक्षा चांगलं पाणी नाही आणि ते फुकट आहे. तरी छज्जाखालच्या, ग्रिलमधल्या, शेडनेटखालच्या कुंड्या वर्षानुवर्षं खारावतात, कारण पाऊस त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. जुलैत त्या पाच-सहा दिवस उघड्यावर ठेवा. वरळी, बँडस्टँड, वर्सोव्याला समुद्राकडच्या बाजूचीच पानं करपत असतील तर मीठ वाऱ्यातून येतंय. तिथं पानं धुवायची असतात, माती नव्हे.

बागेतले पट्टे

पट्ट्यात ६० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन बघा. बहुतेक सोसायट्यांत वर दहा-पंधरा सेंटिमीटर लाल माती, खाली रोलर फिरून घट्ट झालेला भराव, त्याखाली निळसर काळी खाडीची चिकणमाती, असे थर सापडतात. लॉन गेलं की वरून आणखी एक ट्रक लाल माती पसरायची पद्धत आहे. ती वर्षभर हिरवी दिसते. मग मार्चपासून खालचं खारं पाणी केशाकर्षणानं (दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं) वर चढतं आणि नव्या मातीवर पुन्हा पांढरी फुटते. घट्ट थर फोडल्याशिवाय आणि पाण्याला उतार दिल्याशिवाय तो खर्च वाया.

भरावात सिमेंट-काँक्रीटचं डेब्रिज असेल तर सामू ८.५ ते ९ च्या वर असूनही सोडियम नसतो. ग्लासातलं पाणी नितळ राहतं, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या. तिथं जिप्सम टाकून उपयोग नाही. डेब्रिज काढा किंवा उंच वाफे करून वेगळी माती वापरा.

ग्लासात पाणी गढूळ आलेल्या पट्ट्यांचं काम मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात करा, माती कोरडी असताना. ओली खणली तर उलट घट्ट होते. घट्ट थर टिकावानं फोडा. ३० ते ४५ सेंटिमीटर खोल चर काढून पर्जन्यजलाच्या गटारापर्यंत उतार द्या, त्यात खडी आणि जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) घाला. मग जिप्सम. मात्रेचा हिशेब असा: प्रत्येक १०० ग्रॅम मातीमागे एक मिलिइक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेच्या अहवालातलं मोजमापाचं एकक) सोडियम हटवायला, १५ सेंटिमीटर थरासाठी, दर चौरस मीटरला साधारण १७० ग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. सीईसी (मातीच्या कणांची कॅल्शियम-सोडियमसारखे घटक धरून ठेवायची क्षमता, याच एककात) ४० आणि सोडियमचा वाटा २५ वरून १० टक्क्यांवर आणायचा, तर सहा एकक हटवायचे, म्हणजे एक किलो. पोत्यातलं जिप्सम ७५ टक्के शुद्ध असेल तर ते १ किलो ३५० ग्रॅम धरा. वरच्या दहा सेंटिमीटरमध्ये मिसळा, नुसतं वर भुरभुरवू नका. पहिल्या मोठ्या सरीत ते वाहून जातं.

एवढं जिप्सम विरघळायला किती पाणी? एका लिटरमध्ये सव्वादोन ग्रॅमच्या आसपास विरघळतं, म्हणजे एक किलोला साडेचारशे लिटर. दर चौरस मीटरला ४५० मिलिमीटर पाऊस मातीत मुरायला हवा. मुंबईत जुलै महिना एकटा त्याहून जास्त देतो, पण वरून वाहून गेलेलं पाणी या हिशेबात धरायचं नाही. म्हणूनच पट्टा सपाट करा, कडेनं दहा सेंटिमीटरचा बांध घाला आणि चर उघडे आहेत याची दर आठवड्याला खात्री करा.

लॉन पुन्हा लावणार असाल तर हरळी किंवा पास्पालम निवडा. कण्हेर, बोगनवेल, करंज, उंडी, परस पिंपळ, नारळ ही झाडं खाडीकडेला तग धरतात. गुलाब तिथं कुंडीतच बरा.

वाळव्याचं रान

काळ्या जमिनीत कालव्याचं पाणी आलं की मीठ फुटतं, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि १९१० पर्यंत मुंबई इलाख्याच्या शेती खात्यातले हॅरॉल्ड मान नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींचा अभ्यास मांडत होते. कृष्णाकाठी तेच घडलं. बारमाही ऊस, पाटानं मोकळं पाणी, चिकणमाती जास्त असलेली निचरा नसलेली जमीन, आणि बांध घालून बुजवलेले जुने ओढे. भूजल वर चढत दीड मीटरच्या आत आलं की केशाकर्षणानं पाणी पृष्ठभागापर्यंत येतं आणि उडून जाताना क्षार वर सोडतं.

ऊस तसा नाजूकच. लगद्याच्या अर्काची ईसी १.७ च्या वर गेली की प्रत्येक एककामागे उत्पादन सहा टक्क्यांच्या आसपास घटतं. ६ ला गेली म्हणजे चौथा हिस्सा गेला. गव्हाची मर्यादा ६ आणि कापसाची ७.७ आहे, म्हणून शेजारी गहू बरा दिसतो आणि ऊस बसतो.

भावाला सांगा, आधी दोन मीटर खोल भोक घेऊन त्यात भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप उभा करा आणि आठवड्यातून एकदा सकाळी पाण्याची पातळी मोजा. नमुने एप्रिल-मेमध्ये, ०-१५, १५-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे वेगळे घ्या. नुसत्या वरच्या मातीचा नमुना दिशाभूल करतो. सांगलीजवळ कसबे डिग्रज इथं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, या जमिनींचा अनुभव तिथं मिळतो.

पातळी दीड मीटरच्या आत असेल तर निचरा झाल्याशिवाय जिप्समवर एक रुपया घालू नका. पाणी सोडायला खालच्या अंगाला ओढा किंवा मोठा चर आहे का, आणि तो निचऱ्यासाठी जमिनीखाली टाकायच्या पाईपच्या तोंडापेक्षा खोल आहे का, हे पहिलं बघा. हे एकट्याच्या रानात जमत नाही, खालच्या शेजाऱ्याची संमती लागते. दोघा-तिघांनी मिळून केलेलं कामच टिकतं. सच्छिद्र पाईप एक-सव्वा मीटर खोलीवर, काळ्या जमिनीत वीस-तीस मीटर अंतरानं, फिल्टर गुंडाळून टाकतात. काम फसतं ते फिल्टर फाटल्यानं, मध्येच ढाळ उलटा झाल्यानं किंवा पुरात तोंड गाळानं बुजल्यानं.

त्यानंतर जिप्सम. पण आधी मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून बघा. जोरात फसफसली तर चुनखडी भरपूर आहे. अशा जमिनीत गंधकही चालतं, एक टन जिप्समच्या जागी १८६ किलो, कारण त्यातून तयार होणारं आम्ल जमिनीतलाच चुना विरघळवतं. त्याला जिवाणू, ओल आणि वेळ लागतो. चुनखडी नसेल तर गंधक टाकू नका. जोडीला जूनमध्ये एकरी १६ ते २० किलो धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून ४५-५० दिवसांनी गाडा.

आणि पाटपाणी थांबवा. पाईप टाकून पुन्हा मोकळं पाणी सोडलं तर पाईपावर भार तेवढा वाढतो. ठिबक लावलं तर ओल्या वर्तुळाच्या कडेला मीठ गोळा होतं. पहिल्या हलक्या पावसात ते मुळांकडे ढकललं जातं आणि चांगलं पीक एका दिवसात माना टाकतं. म्हणून पहिला दमदार पाऊस होईपर्यंत, पाऊस पडत असतानाही ठिबक चालूच ठेवावं.

धुणं कुठवर आलं हे पाईपाच्या तोंडाशी कळतं. तिथल्या पाण्याची ईसी दर पंधरवड्याला मोजून तारखेसह लिहून ठेवा. पहिल्या पावसाळ्यात ती खूप वर असते, मग उतरत जाते. ती रानाला देत असलेल्या पाण्याच्या ईसीच्या दुप्पट-तिपटीवर येऊन स्थिर झाली की लावणीचा विचार करा, त्याआधी नाही.